खोटा दिवा आणि खरी मक्तेदारी

पालेगावच्या नव्या वसाहतीतून पावसाळ्यात रोज बाहेर पडणाऱ्या एखाद्या मोटारीच्या डॅशबोर्डावर अचानक पिवळा दिवा लागतो. गाडी सुरळीत चालते, आवाज बदललेला नसतो, तरी दिवा विझत नाही. मालक घाबरून कंपनीच्या अधिकृत केंद्रात जातो आणि ‘सेन्सर गेला’ असे ऐकून हजारोंचे बिल हातात घेऊन परततो. पंधरवड्याने दिवा पुन्हा लागतो!

वस्तुतः दिवा बिघाड पाहत नाही. तो केवळ विजेचा संदेश वाचतो. संदेश ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की संगणक दिवा लावतो, मग दोष यंत्रात असो, कनेक्टरात शिरलेल्या पाण्यात असो, गंजलेल्या अर्थच्या तारेत असो की उंदराने कुरतडलेल्या वायरिंगमध्ये. चाकाजवळच्या सेन्सरवर चिखल बसला तरी एबीएसचा दिवा लागू शकतो. स्कॅनरचा कोड सर्किटकडे बोट दाखवतो, बदलावयाच्या भागाकडे नव्हे. म्हणून जाणता फिटर आधी बॅटरीचा दाब पाहतो, कनेक्टर उघडून पुसतो, मल्टिमीटरने तार तपासतो, कोड पुसून गाडी फिरवतो आणि तोच कोड परततो का ते बघतो. लाल दिव्याचा प्रश्न मात्र निराळा. तेलाच्या दाबाचा दिवा लागला तर इंजिन तत्काळ बंद केलेच पाहिजे. दाबमापक लावून खात्री होईपर्यंत तो दिवा खोटा मानणे हा आत्मघात होय.

एवढे ज्ञान कल्याण-बदलापूर रस्त्यावरच्या साध्या गॅरेजातही आढळते. अडते ते पुढे. प्रदूषणाशी संबंधित कोड सर्वसामान्य प्रमाणाचे असल्याने स्वस्त स्कॅनरलाही वाचता येतात. परंतु एबीएस, एअरबॅग, चोरीरोधक यंत्रणा यांचे कोड बहुधा कंपनीच्या खासगी भाषेत बोलतात. त्या भाषेची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती ग्राहकाचा खिसा!

हा केवळ डाव्यांचा आरोप नव्हे. भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 मोटार कंपन्यांना एकूण 2,544.65 कोटी रुपयांचा दंड ठोठावला, तो सुटे भाग व निदानयंत्रे स्वतंत्र गॅरेजांपासून अडवून ठेवल्याबद्दलच. ती खुली करण्याचा आदेशही दिला. कंपन्या न्यायालयांत गेल्या. 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत गैरवापराचा निष्कर्ष कायम ठेवला, दंड मात्र घटवला. डिसेंबर 2022 मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारीही आल्या. पण संकेतस्थळ म्हणजे कायदा नव्हे.

कंपन्या सुरक्षिततेची आणि बौद्धिक संपदेची ढाल पुढे करतात. मग युरोपात 2007 च्या नियमनापासून स्वतंत्र गॅरेजांना दुरुस्तीची माहिती देणे बंधनकारक आहे, तेथे ही सुरक्षितता कोठे जाते? तिथला कारागीर विश्वासू आणि अंबरनाथचा तेवढा धोकादायक, हे कोणत्या शास्त्रात बसते?

मोटार ही मध्यमवर्गाची चैन, तिच्या दिव्यासाठी पक्षाने का झगडावे, असे काही कार्यकर्ते म्हणतील. हा दृष्टिदोष आहे. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 मानकाची वाहनेच विकली जातात. टेम्पो, शाळेची व्हॅन यांच्या पोटातही आता सेन्सर व संगणक आहेत. खोट्या दिव्यापायी टेम्पो एक दिवस उभा राहिला तर त्या दिवसाची कमाई आणि कर्जाचा हप्ता दोन्ही बुडतात. शिवाय ज्याला कोड वाचू दिला जात नाही, त्या फिटरचा धंदा हळूहळू अधिकृत केंद्राकडे सरकतो आणि अखेर त्याला तेथेच तुटपुंज्या पगारावर राबावे लागते.

तेव्हा मागण्या नेमक्या हव्यात: 2014 च्या आदेशातील निदानयंत्रांविषयीच्या तरतुदींना कायद्याचे बळ द्यावे, कोडांचे अर्थ व वायरिंगचे नकाशे वाजवी दरात सर्व गॅरेजांना मिळावेत, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत सरकारने सर्व कंपन्यांच्या गाड्यांना चालणारे स्कॅनर पुरवावेत, आणि कोणताही सेन्सर बदलण्यापूर्वी कोड व तारेची तपासणी बिलावर लेखी नोंदवणे सेवा केंद्रांना सक्तीचे करावे.