राणीच्या बागेंत काय पाहावें ?

सुट्टींत मुंबईस जाऊन आलेल्या मुलास ‘काय काय पाहिलेंस ?’ असें विचारलें असतां त्याच्या यादींत राणीची बाग नाहीं, असें सहसा घडत नाहीं. परंतु ‘बागेंत काय पाहिलेंस ?’ असा दुसरा प्रश्न केला, कीं उत्तर तीनचार शब्दांत आटोपतें. वाघ पाहिला, अस्वल पाहिलें, पेंग्विन पाहिले, झालें! आमची गोष्टहि याहून निराळी नव्हती. ती घडली तशी सांगावी, आणि तिच्यावरून आमच्या मनांत आलेले चार विचार विद्यार्थिबंधूंपुढें व पालकांपुढें ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

गेल्या नाताळच्या सुट्टींत आम्ही पांच मित्र परळास आमच्यापैकीं एकाच्या मामांकडे उतरलों होतों. मंगळवारीं सकाळीं भायखळ्याच्या स्टेशनावर उतरून आम्हीं बागेची वाट धरली. तिकिटें काढून आंत शिरतांच आमची जी धांव सुरू झाली, ती दीड तासानें पुन्हां दरवाजाशीं येऊनच थांबली. ‘पुढें काय आहे ?’ हा एकच प्रश्न प्रत्येकाच्या तोंडीं. एका पिंजऱ्यापुढें उभे असतांना डोळे दुसऱ्या पिंजऱ्याच्या पाटीकडे लागलेले. वाघापाशीं आलों, तेव्हां तो कांचेच्या भिंतीपलीकडे आमच्याकडे पाठ करून निजला होता. ‘एवढ्या लांबून आपण आलों, आणि हा खुशाल झोंपला आहे !’ असें म्हणून आमच्यांतील एकानें कांचेवर मुठीनें दोनतीन ठोसे मारले. वाघानें नुसता कान हालविला. मान कांहीं वळविली नाहीं. आम्ही सर्व मोठ्यानें हंसलों. शेजारीं एक लहान मुलगी वडिलांचा हात धरून उभी होती. आमचें पाहून तिनेंहि आपली चिमुकली मूठ कांचेवर आपटली. तेवढ्यांत रखवालदार धांवत आला आणि तिच्या वडिलांना चार शब्द बोलला. ते गृहस्थ खालीं मान घालून ऐकत राहिले. खरे अपराधी आम्ही. परंतु पुढें होऊन तसें सांगण्याचें धैर्य आम्हां पांचांपैकीं एकासहि झालें नाहीं. आम्ही हळूच तेथून निसटलों.

संध्याकाळीं घरीं आल्यावर मित्राच्या आजींनीं विचारलें, “काय रे, कैलासपतीला फूल होतें का ?” आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागलों. कैलासपति हें झाडाचें नांव आहे, हेंहि आमच्यांतील दोघांस ठाऊक नव्हतें. “अरे, मग बागेंत जाऊन केलंत काय ? वाघ तर आमच्या लहानपणीं सर्कशींतसुद्धां असायचे,” असें म्हणून आजी हंसल्या. परंतु तो प्रश्न आमच्या मनास लागून राहिला. दुसऱ्या दिवशीं पुन्हां जावें, असा बेत आम्हीं केला, तों आजींनींच सांगितलें, कीं बुधवारीं बाग बंद असते. या सक्तीच्या विश्रांतीचा आम्हांस फार उपयोग झाला. तो दिवस आम्हीं त्या बागेविषयीं मिळेल तें वाचण्यांत घालविला, आणि जी बाग आम्ही दीड तासांत ‘पाहून’ आलों होतों, तिची ओळख आम्हांस घरीं बसून झाली.

ही बाग प्रथम प्राण्यांची नव्हतीच. ती झाडांची होती. शेतकी व बागाइतीच्या वाढीसाठीं स्थापन झालेल्या एका मंडळाची बाग पूर्वीं शिवडीस होती. तेथील जागा दफनभूमीकडे गेल्यावर भायखळ्यास नवी बाग आंखण्यांत आली, आणि ता. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं ती लोकांस खुली झाली. तिला व्हिक्टोरिया राणीचें नांव दिलें होतें, म्हणून ती ‘राणीची बाग’. १९६९ सालीं तिला वीरमाता जिजाबाईंचें नांव मिळालें; तरी जुनें नांव लोकांच्या जिभेवरून अद्यापि गेलेलें नाहीं. जिजाबाईंच्या नांवानें तर तें अधिकच शोभतें ! शेजारचें वस्तुसंग्रहालय १८७२ सालीं उघडलें. जगन्नाथ शंकरशेट व डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं त्यासाठीं मोठी खटपट केली होती. १९७५ पासून तें डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याच नांवानें ओळखलें जातें. दूरदूरच्या उष्ण देशांतील झाडें आणून तीं आपल्या हवेंत कशीं रुजतात हें पाहावें, हा त्या काळच्या अशा बागांचा एक मुख्य उद्योग होता. प्राणी मागाहून आले. आणि आज मात्र पाहुण्यांनीं यजमानांस झांकून टाकावें तशी त्या झाडांची स्थिति झाली आहे.

गुरुवारीं आम्ही पुन्हां गेलों, तेव्हां आधीं झाडें पाहावयाचीं, असा नियम केला. कैलासपति सांपडला. इतर पुष्कळ झाडांस फुलें येतात फांद्यांच्या टोंकांशीं. याचीं फुलें थेट जाड बुंध्यांतून लोंबणाऱ्या काड्यांवर येतात. फुलाच्या मध्यभागीं पिंडीसारखा भाग, आणि त्यावर नागाच्या फणेसारखें छत्र. म्हणून आपल्या लोकांनीं त्यास कैलासपति म्हटलें. वास्तविक हें झाड दक्षिण अमेरिकेच्या उष्ण अरण्यांतलें. त्या फणेंतील परागांत बीज धरण्याची शक्ति नसते. ते केवळ भुंग्यांच्या भोजनासाठीं. भुंगा तेथें जेवावयास येतो, तेव्हां खालच्या वर्तुळांतील खरे पराग त्याच्या पाठीस लागतात, आणि दुसऱ्या फुलापर्यंत पोंचतात. फूल मोठें सुवासिक. तोफेच्या गोळ्याएवढें फळ मात्र पिकून फुटलें, कीं नाक धरावें लागतें!

तेथून आम्ही गोरखचिंचेपाशीं गेलों. ही मूळची आफ्रिकेंतली. तिचा फुगीर बुंधा म्हणजे पाण्याचा रांजणच. पाऊस नसलेले महिने ती पानें गाळून त्या सांठ्यावर काढते. तिचीं पांढरीं फुलें रात्रीं उमलतात, आणि त्यांच्याकडे वटवाघुळें येतात. तिला नांव मिळालें तें गोरक्षनाथांचें. आपण ज्यास अगदीं घरचा समजतों, तो गुलमोहरहि असाच दूरच्या मादागास्कर बेटांतून आलेला. हे सर्व परदेशस्थ आपल्या मातींत रुजले; आपल्या पांखरांस त्यांनीं आसरा दिला; आपल्या लोकांनीं त्यांस आपल्या देवांचीं व साधूंचीं नांवें दिलीं. एका दगडी कट्ट्यावर बसून आम्ही हें बोलत असतां एक खार आमच्या पायांजवळून सरसर वर गेली. तिला कोणीं पकडून आणलेलें नव्हतें, आणि तिच्यापुढें पाटीहि नव्हती. परंतु आम्हीं तिच्याकडे जितका वेळ पाहिलें, तितका वेळ मंगळवारीं एकाहि प्राण्याकडे पाहिलें नव्हतें.

येथेंच आमच्या मनांत तो विचार आला. झाडहि दूर देशाहून आणलें, प्राणीहि आणला. मग दोघांची स्थिति सारखीच काय? आमच्या मतें ती सारखी नाहीं. झाडास मनाजोगी माती, पाणी व ऊन मिळालें, कीं तेंच त्याचें घर. एका जागीं उभें राहणें हा त्याचा धर्मच आहे. प्राण्याचा धर्म हिंडण्याचा. त्यास अन्न मिळालें, औषध मिळालें, सावली मिळाली, तरी हिंडणें मिळत नाहीं. आणि त्याची भरपाई दुसऱ्या कशानेंहि होत नाहीं. संग्रहालयाच्या आवारांत घारापुरीचा दगडी हत्ती उभा आहे. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याचा प्रयत्न झाला, तेव्हां तो फुटला. १९१४ सालीं त्याचे तुकडे पुन्हां जोडण्यांत आले. एका जागीं उभें राहून ज्यास दुःख होत नाहीं, असा हत्ती तेवढा तोच ! जिवंत हत्तीस रोज मैलोगणती चालावयास लागतें. २००९ सालीं केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानें हत्तींना अशा संग्रहालयांत ठेवूं नये, असा निर्णय दिला, तो याचसाठीं. आजी लहानपणीं याच बागेंत हत्तीवर बसल्या होत्या. त्या गंमतीची आठवण त्या अजून काढतात, परंतु हा निर्णय आम्हीं सांगितला, तेव्हां त्या म्हणाल्या, “बरें झालें हो, तेव्हां आम्हांला कुठें कळत होतें!”

पेंग्विनांची गोष्ट विचार करण्याजोगी आहे. २०१६ च्या जुलै महिन्यांत दक्षिण कोरियांतील सेऊल शहराहून आठ पेंग्विन येथें आणले. त्यांपैकीं एक त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मरण पावला. त्यांच्यासाठीं मुद्दाम थंड केलेलें दालन आहे, आणि तेथें मोठी गर्दी लोटते. ‘बर्फांतले पक्षी पाहिले’, असें आम्हीहि मंगळवारीं घरीं सांगितलें होतें. वस्तुतः हे हम्बोल्ट जातीचे पेंग्विन पेरू व चिली या देशांच्या किनाऱ्यावर राहतात. तेथें बर्फ नसतो. समुद्राचा एक थंड प्रवाह त्या किनाऱ्यालगत वाहतो, म्हणून विषुववृत्ताकडील प्रदेशांतहि त्यांचा निभाव लागतो. पांखरांच्या विष्ठेचे जे जाड थर तेथें सांचतात, त्यांत बिळें करून ते अंडीं घालतात. इतक्या लांबून, इतक्या खर्चानें पक्षी आणावे, आणि पाहणाऱ्यानें त्यांच्याविषयीं खोटीच समजूत घेऊन घरीं जावें, यापेक्षां व्यर्थ बंदिवास तो कोणता ?

यावर कोणी म्हणेल, ‘तर मग सर्व पिंजरे उघडावे, आणि प्राणिसंग्रहालयें बंदच करावीं.’ आमच्यांतील एकाचें तसें मत आहे, आणि तें सहज उडवून लावण्याजोगें नाहीं. परंतु दुसरी बाजूहि पाहिली पाहिजे. चीन देशांतील ‘मिलू’ नांवाचें हरिण आपल्या देशांतून समूळ नाहींसें झालें होतें. विलायतेंतील एका उमरावानें आपल्या आवारांत कळप राखला, म्हणून १९८५ सालीं तें मायदेशीं परत जाऊं शकलें. आपल्याकडील घडियाल सुसरी नाहींशा होण्याच्या बेतांत होत्या. १९७५ सालापासून त्यांचीं अंडीं गोळा करून, पिलें वाढवून नद्यांत सोडण्याचा उद्योग सुरू झाला, म्हणून त्या अजून दिसतात. शिवाय ज्या मुलास अरण्य कधींच दिसावयाचें नाहीं, त्यास वाघाविषयीं आस्था वाटावी तरी कशी ? तेव्हां आमचें म्हणणें इतकेंच, कीं पिंजऱ्याचें समर्थन एक तर प्राण्याच्या रक्षणानें होतें, नाहीं तर पाहणाऱ्याच्या ज्ञानानें होतें. पहिलें काम बाग चालविणाऱ्यांचें. दुसरें सर्वस्वीं आपलें. प्राण्यानें आपलें हिंडणें गमावून आपणांस जें दिलें, त्याची फेड आपण लक्षपूर्वक पाहून केली पाहिजे. ती केली नाहीं, तर पिंजरा हा निव्वळ तमाशा होय. आणि त्याचा दोष गजांकडे नसून गजांबाहेर उभ्या असलेल्या आपणांकडे येतो.

प्राण्यांस चिडवूं नये, खावयास घालूं नये, गोंगाट करूं नये, हें तर १९७२ च्या वन्यप्राणिसंरक्षण कायद्यांत पुढें १९९१ सालीं घातलेल्या एका कलमानेंच सांगितलें आहे. परंतु कायदा हात आवरील. डोळे उघडणार नाहीं. तें शिक्षण घरीं व शाळेंतच मिळावयास हवें. विद्यार्थिबंधूंस आमची विनंति अशी, कीं बागेंत जातांना सर्व पाहण्याचा हट्ट सोडावा. दोन झाडें व दोन प्राणी निवडावे, त्यांच्याविषयीं आधीं वाचावें, प्रत्येकापाशीं निदान अर्धा तास बसावें, आणि दिसेल तें वहींत टिपून घ्यावें. पालकांस विनंति अशी, कीं मूल परत आल्यावर ‘किती पाहिलेंस ?’ असें न विचारतां आजींसारखा एखादा नेमका प्रश्न विचारावा. एका प्रश्नानें आमचें जें काम केलें, तें दहा उपदेशांनीं झालें नसतें.

गुरुवारीं निघण्यापूर्वीं आम्ही वाघापाशीं अर्धा तास बसलों. कोणीं हांक मारली नाहीं, कीं कांचेस हात लावला नाहीं. बऱ्याच वेळानें तो आपण होऊन उठला, आळस दिला, आणि भिंतीच्या कडेकडेनें चालूं लागला. टोंकास गेला, वळला, परत आला. पुन्हां गेला, पुन्हां वळला. तो त्याच वाटेनें कितीदां गेला, हें आम्ही मोजीत होतों. कांहीं वेळानें मोजणें आपोआप थांबलें. ज्या मित्रानें ठोसे मारले होते, तो परततांना स्टेशनपर्यंत कांहींच बोलला नाहीं. घरीं आल्यावर आम्हीं आजींस सांगितलें, कीं कैलासपतीला फुलें होतीं, आणि झाडाखालीं पडलेलें एक त्यांच्या हातीं दिलें. त्यांनीं तें हुंगून देवापुढें ठेवलें.

एक गोष्ट मात्र राहून गेली. आमच्यामुळें ज्या गृहस्थांस बोलणें खावें लागलें, ते व त्यांची ती लहान मुलगी आम्हांस पुन्हां दिसलीं नाहींत, आणि पुढेंहि बहुधा दिसणार नाहींत. त्या वेळीं जें सांगावयास हवें होतें, तें येथें सांगतों : मूठ प्रथम आम्हीं आपटली होती.