माल पोहोचला, पैसे अडकले : झोटवाड्यातील ऑनलाइन विक्रेत्यांची कोंडी

जयपूर : शहराच्या पश्चिमेकडील झोटवाडा पर्यटकांच्या वाटेवर येत नाही. औद्योगिक वसाहत, कालवाड रस्त्यालगत पसरत गेलेल्या नव्या वस्त्या आणि त्यांतील लहान घरे अशी या भागाची ओळख आहे. जोहरी बाजारातील रत्ने, चांदीचे दागिने किंवा सांगानेर-बगरूचे छापील कापड परदेशी ग्राहकाला विकण्यासाठी आता जोहरी बाजारात गाळा असावाच लागत नाही. एक खोली, एक संगणक आणि कुरिअरची सोय एवढ्यावर व्यवसाय उभा राहतो. तो उभा करणे सोपे झाले, पण विक्रीचे पैसे हातात येणे तितके सोपे राहिलेले नाही. लिलाव-संकेतस्थळे आणि ऑनलाइन बाजारपेठांच्या विक्रेत्यांत आज जी नाराजी आहे, तिचे मूळ येथे आहे.

ही नाराजी नवी नाही. मुंबईत सुरू झालेली ‘बाझी डॉट कॉम’ ही लिलाव कंपनी २००४ मध्ये अमेरिकेच्या ‘ईबे’ने विकत घेतली. पुढे ‘ईबे इंडिया’वर ‘पैसापे’ ही व्यवस्था होती. खरेदीदाराचे पैसे मध्यस्थाकडे जमा राहत आणि माल पोहोचल्यावर विक्रेत्याला मिळत. परस्परांना कधी न पाहिलेल्या दोन माणसांत विश्वास निर्माण करण्याचा तो मार्ग होता आणि त्यामुळे अनेक लहान शहरांतील विक्रेते या व्यवसायात आले. ‘ईबे’ने २०१७ मध्ये आपला भारतीय व्यवसाय ‘फ्लिपकार्ट’कडे सोपवला आणि १४ ऑगस्ट २०१८ रोजी ‘ईबे डॉट इन’ बंद झाले. देशांतर्गत लिलावाचे दालन त्याबरोबर जवळपास मिटले. जयपूरच्या विक्रेत्याला बोलीवर माल विकायचा असेल तर परदेशी ग्राहक हाच मुख्य आधार उरला.

बोलीच्या व्यवहारात विक्रेत्याची पहिली अडचण म्हणजे बोली जिंकून पैसे न भरणारा ग्राहक. लिलाव संपतो, वस्तू ‘विकली’ जाते, पण रक्कम येत नाही. काही दिवस वाट पाहून व्यवहार रद्द करावा लागतो आणि तोवर दुसऱ्या क्रमांकाची बोली लावणारा निघून गेलेला असतो. अशा ग्राहकाविषयी प्रतिकूल अभिप्राय नोंदवण्याची सोय ‘ईबे’ने २००८ मध्ये काढून घेतली. खरेदीदार विक्रेत्याला वाईट शेरा देऊ शकतो, विक्रेता मात्र खरेदीदाराला देऊ शकत नाही, असा तो बदल होता. त्याच्या निषेधार्थ त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेसह अनेक देशांतील विक्रेत्यांनी आठवडाभराचा बहिष्कार पुकारला होता. धोरण बदलले नाही. कंपनीचा युक्तिवाद असा होता की सूडाच्या भीतीने खरेदीदार खरे बोलत नाहीत. त्यात तथ्य होते, हे मान्य करावे लागेल. मात्र तेव्हापासून पारडे एका बाजूला झुकले ते झुकलेच.

पैशांच्या वाटेचा इतिहास अधिक खडतर आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांमुळे मार्च २०११ पासून ‘पेपाल’वर भारतीय विक्रेत्याला एका व्यवहारात ५०० डॉलरपेक्षा अधिक रक्कम स्वीकारता येत नव्हती. आलेले पैसे त्या खात्यातून खर्चही करता येत नव्हते, ते ठरावीक दिवसांत बँकेत वळवावे लागत. बऱ्यापैकी माणकाची किंवा पाचूची किंमत ५०० डॉलरच्या वर जाते, हे जयपूरमध्ये कोणाला सांगावे लागत नाही. ही मर्यादा त्याच वर्षी ३,००० डॉलर आणि २०१३ मध्ये १०,००० डॉलर झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने सीमापार देयके हाताळणाऱ्या मध्यस्थ कंपन्यांसाठी स्वतंत्र चौकट आणली आणि एका वस्तूसाठी २५ लाख रुपयांपर्यंतची मर्यादा ठेवली. त्यामुळे आता रकमेच्या आकाराचा प्रश्न फारसा उरलेला नाही. प्रश्न आहे तो वेळेचा आणि कागदपत्रांचा.

वेळेचा प्रश्न समजून घेण्यासाठी देशांतर्गत नियम पाहावे लागतात. देयक मध्यस्थांसाठी रिझर्व्ह बँकेने १७ मार्च २०२० रोजी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. ग्राहकाचे पैसे विलग खात्यात ठेवावेत आणि माल पाठवल्यानंतर किंवा पोहोचल्यानंतर दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला द्यावेत, असा त्यांचा गाभा होता. परंतु त्यात आणखी एक तरतूद होती. परताव्याची मुदत संपेपर्यंत रक्कम राखून ठेवण्याचे करारात नमूद असेल, तर ती मुदत संपल्यानंतर दुसऱ्या दिवशी पैसे दिले तरी चालतात. करार बाजारपेठ लिहिते, विक्रेता केवळ ‘मान्य’ या कळीवर बोट ठेवतो. त्यामुळे पैसे थांबले म्हणजे प्रत्येक वेळी नियमभंग झाला असे नसते. बहुतेकदा नियमानेच ते थांबवू दिलेले असतात, आणि तक्रार घेऊन गेलेल्या विक्रेत्याला हे उत्तर सर्वांत जास्त झोंबते.

लघुउद्योजकांना ४५ दिवसांत पैसे मिळावेत यासाठी २००६ चा कायदा आहे, मग तो येथे का लागू होत नाही, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्या कायद्यातील जबाबदारी ‘खरेदीदारा’वर आहे. ऑनलाइन बाजारपेठ स्वतः माल विकत घेत नाही, ती केवळ मध्यस्थ असल्याचे सांगते. दुसरे असे की, जुलै २०२१ मध्ये किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना सूक्ष्म-लघु उद्योगांच्या यादीत घेतले गेले, पण केवळ प्राधान्य क्षेत्रातील कर्जापुरते. विलंबित देयकांचे संरक्षण त्यांना मिळाले नाही. स्वतः दागिने घडवणारा कारागीर आणि तेच दागिने विकत घेऊन ऑनलाइन विकणारा शेजारी यांच्यात कायदा असा भेद करतो.

ग्राहक संरक्षणाच्या ई-वाणिज्य नियमांची दिशाही वेगळी आहे. जुलै २०२० मध्ये लागू झालेल्या या नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याने ग्राहकाच्या तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिनाभरात ती निकाली काढायची असते. विक्रेत्याचे खाते अचानक गोठवले तर काय, याबद्दल तेवढी स्पष्ट मुदत कोठे नाही. युरोपीय संघाने जुलै २०२० पासून लागू केलेल्या नियमांत खाते रोखताना लेखी कारण देणे, अटी बदलण्यापूर्वी किमान १५ दिवसांची सूचना देणे आणि सेवा पूर्णतः बंद करण्यापूर्वी ३० दिवसांची मुदत देणे बंधनकारक आहे. भारतात मार्च २०२४ मध्ये डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा प्रसिद्ध झाला, पण त्याचा रोख अवाढव्य कंपन्यांच्या बाजारातील वर्तनावर आहे. एका विक्रेत्याच्या अडकलेल्या चाळीस हजार रुपयांपर्यंत तो पोहोचत नाही.

करांच्या बाबतीत मात्र दिलासा मिळाला आहे. बाजारपेठेने विक्रेत्याच्या रकमेतून वस्तू व सेवा कराचा एक टक्का आणि प्राप्तिकराचा एक टक्का कापून ठेवण्याची पद्धत २०१८ आणि २०२० मध्ये सुरू झाली. एक लाखाच्या विक्रीवर सुमारे दोन हजार रुपये असे अडकत. जुलै २०२४ मध्ये पहिला दर अर्धा टक्का आणि त्याच वर्षी ऑक्टोबरपासून दुसरा ०.१ टक्का झाला. आता ही कपात एक लाखामागे सहाशेच्या आसपास येते. थोड्या नफ्यावर चालणाऱ्या व्यवसायात हा फरक मोठा असतो.

निर्यातदारांची कागदोपत्री अडचण सहसा बातम्यांत येत नाही. समजा, चांदीची अंगठी ४० डॉलरला विकली गेली. सीमाशुल्काच्या कागदावर ४० डॉलर नोंदवले जातात. संकेतस्थळ आपले शुल्क वजा करते, चलन बदलणारी कंपनी आपला हिस्सा घेते आणि उरलेली रक्कम दहा-पंधरा इतर मागण्यांच्या पैशांबरोबर एकाच जमेत बँकेत येते. बँकेच्या दृष्टीने ४० डॉलरची निर्यात झाली आणि तेवढे डॉलर आले नाहीत. हा हिशेब जुळवण्यासाठी विक्रेत्याला प्रत्येक अंगठीचा पुरावा द्यावा लागतो आणि त्यासाठीचे बँकेचे शुल्क कधी अंगठीच्या नफ्याएवढे भरते. रिझर्व्ह बँकेने १ ऑक्टोबर २०२५ रोजी दहा लाख रुपयांपर्यंतच्या नोंदी निर्यातदाराच्या स्वयंघोषणेवर बंद करण्यास परवानगी दिली. लहान विक्रेत्यांची ही मागणी जुनी होती. शाखा पातळीवर ती किती तत्परतेने अमलात येते, यावर तिचे मोल ठरेल.

त्याआधीच अमेरिकेकडून धक्का बसला होता. ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी संपवली. भारतीय टपाल खात्याने २५ ऑगस्टपासूनच अमेरिकेची बहुतांश पार्सले स्वीकारणे थांबवले होते. ही सेवा १५ ऑक्टोबरला पूर्ववत झाली, तेव्हा भारतीय मालावरचे शुल्क जाहीर मूल्याच्या ५० टक्के होते आणि ते पाठवणाऱ्याने पार्सल देतानाच भरायचे होते. मधल्या सात आठवड्यांत ज्यांचे लिलाव चालू होते, त्यांच्यासमोर दोनच मार्ग होते : महागड्या खासगी कुरिअरने माल पाठवणे किंवा व्यवहार रद्द करून खात्याचे मानांकन गमावणे. मानांकन घसरले की माल शोधात खाली जातो आणि काही ठिकाणी पैसे राखून ठेवण्याची मुदतही वाढते.

शुल्काचा दर काहीही असो, पैशांच्या प्रवाहाचा क्रम त्या ऑक्टोबरपासून उलटला आहे. पूर्वी माल आधी जाई आणि पैसे नंतर येत. आता मालासोबत परदेशी शुल्कही आधी खिशातून जाते आणि विक्रीची रक्कम मात्र पूर्वीच्याच मुदतीनंतर मिळते. खेळते भांडवल कमी असलेल्या घरगुती विक्रेत्याने महिन्याला वीस पार्सलांऐवजी बारा पाठवण्याचे ठरवले, तर ते याच गणितामुळे.

झोटवाड्याचे आमदार राज्यवर्धनसिंह राठोड राजस्थानचे उद्योगमंत्री झाल्याने या भागातील व्यापाऱ्यांच्या अपेक्षा उंचावल्या, तर त्यात नवल नाही. पण देयकांचे नियम रिझर्व्ह बँकेकडे, विदेश व्यापार केंद्राकडे आणि बाजारपेठांचे करार कंपन्यांच्या कायदा विभागांकडे आहेत. राज्य सरकार जिल्हावार उत्पादनांना प्रोत्साहन देऊ शकते, प्रशिक्षण देऊ शकते, प्रदर्शने भरवू शकते. गोठवलेले खाते उघडण्यासाठी विक्रेत्याला आजही त्याच कंपनीच्या मदत केंद्राला लिहावे लागते, ज्या कंपनीने ते गोठवले आहे.