फी माफ झाली, खोलीचं काय?

जून-जुलै आला की गावाकडून फोन सुरू होतात. "भाई, पुण्यात ॲडमिशन मिळतंय, फी किती लागेल?" मी उलट विचारतो, "राहणार कुठे?" समोरचा गप्प होतो.

२००९ साली मी बार्शीहून इंजिनिअरिंगला पुण्यात आलो. अब्बा शिवणकाम करायचे. फीचा मोठा भाग शिष्यवृत्तीतून सुटला, पण वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही. कॉट बेसिसवर जागा शोधत फिरलो. कॉलेजजवळच्या चार घरमालकांनी आधी "या" म्हटलं आणि आडनाव ऐकल्यावर "कालच गेली हो खोली" म्हणून सांगितलं. शेवटी कोंढव्यात जागा मिळाली. जाता-येता दोन-दोन बस. वर्गातली मुलं संध्याकाळी अभ्यासिकेत बसायची, जर्नल्स वाटून घ्यायची, रात्री प्रोजेक्ट करायची. मी शेवटच्या बससाठी उठायचो. सुविधा सगळ्यांना सारख्याच होत्या, पण कामी यायच्या त्या जवळ राहणाऱ्यालाच.

आजही चित्र फार बदललेलं नाही. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा गणेशखिंडीतला परिसर ४०० एकरांहून मोठा आहे. तिथे जयकर ग्रंथालय आहे, गरजू मुलांसाठी 'कमवा आणि शिका' योजना आहे. पण वसतिगृहाच्या जागा मागणीपेक्षा कमी. मग मित्राच्या खोलीत चोरून राहावं लागतं. अशा मुलाला कॅम्पसवर 'पॅरासाइट' म्हणतात. सगळे हसून म्हणतात, पण ज्याला म्हणतात त्याला विचारा.

सरकारी मदत आहे, ती आधी नीट समजून घ्या. जुलै २०२४ च्या निर्णयाने, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. वसतिगृह न मिळालेल्या ओबीसी विद्यार्थ्यांसाठी 'ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना' आहे. पुण्यासारख्या शहरात तिचे वर्षाला ६०,००० रुपये मिळतात. पण जिल्ह्यामागे जागा मोजक्याच.

बागवान, अत्तार, मोमीन, पिंजारी, कुरेशी अशा आपल्या कितीतरी बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. तरी मुलं खुल्या वर्गातून अर्ज भरतात, कारण दाखलाच नसतो. त्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो आणि आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं. म्हणून बारावीच्या निकालाची वाट पाहू नका. दहावी झाली की घरातली जुनी कागदपत्रं काढा, तहसीलला चकरा मारायला लागा.

एवढं करूनही खोलीचा प्रश्न उरतोच. तो सरकारकडे लावून धरला पाहिजे, वसतिगृहं वाढलीच पाहिजेत. पण आडनाव ऐकून बंद होणारं दार कुठल्या जीआरने उघडत नाही. तिथे आपणच काही करायला हवं.

ज्या सावित्रीबाईंचं नाव २०१४ मध्ये या विद्यापीठाला मिळालं, त्यांच्यावरही बेघर होण्याची वेळ आली होती. शाळा चालवतात म्हणून जोतीराव आणि सावित्रीबाईंना घर सोडावं लागलं, तेव्हा पुण्यातच उस्मान शेख यांनी त्यांना आपल्या घरी जागा दिली. हा इतिहास आपण जयंतीला अभिमानाने सांगतो. त्यात उस्मानभाईंनी काय दिलं? भाषण नाही, सत्कार नाही. राहायला जागा दिली.

आज आपल्यातले शेकडो जण हिंजवडी-खराडीत नोकरी करतात. माझ्यासारख्यांनी फ्लॅट घेतलेत. आपल्या गावच्या जमातीने शादीखान्याला रंग देण्याआधी पुण्यात दहा कॉट भाड्याने घ्यायला काय हरकत आहे? चार नोकरदारांनी मिळून कॉलेजजवळ एक फ्लॅट स्वतःच्या नावावर भाड्याने घेतला, तर पाच-सहा मुलांचं वर्ष सुटतं. जात-धर्म न विचारता तो दिला, तर त्या घरमालकांनाही उत्तर मिळतं.

या जूनपासून माझ्याकडची एक खोली दोन मुलांसाठी मोकळी आहे. तुमच्याकडे किती कॉट आहेत?