पहिल्याच्या पाठीवर ओझे नको

२०२३ साली फॉर्म्युला वनच्या २२ मोटार-शर्यती झाल्या. त्यांपैकी २१ एकट्या रेड बुल संघाने जिंकल्या. शौकीन कुरकुरले, "निकाल आधीच ठाऊक, मग पाहायचे काय?" जिंकणाऱ्याच्या गाडीवर जादा वजन लादावे, असा एक उपाय सुचवला जातो, काही इतर शर्यतींत तसे करतातही. मला तो पटत नाही.

आपल्या पनवेलच्या महामार्गावरून ट्रक भरधाव गेला, की हवेचा झोत अंगावर येतो. हीच हवा शर्यतीच्या मोटारीला अडवते आणि आकार योग्य असेल तर तिला रस्त्यावर दाबूनही धरते. तो आकार शोधण्यासाठी कृत्रिम वाऱ्याच्या बोगद्यात मोटारीच्या लहान प्रतिकृतीवर प्रयोग करतात. २०२१ पासून या प्रयोगांना मागे पडलेल्या संघाला जास्त वेळ मिळतो, पहिल्याला कमी. डोके मात्र ज्याचे त्यानेच चालवायचे! २०२४ साली संघांचे अजिंक्यपद मॅक्लारेनने मिळवले. सारे श्रेय या नियमाला देता येणार नाही, पण त्याची दिशा मला योग्य वाटते.

शाळेच्या प्रयोगशाळेतही असेच व्हावे. ज्याचा प्रयोग आधी जमला, त्याने टेबल मोकळे करावे. ज्याचा फसला, त्याला तो वेळ मिळावा. मग पाहा, वर्गात कशी चुरस येते ती!