यत्नाचार : दुकानाच्या स्कूटरचा ब्रेक

मागील लेखांकात पाणी गाळण्याच्या वस्त्राविषयी लिहिले होते. या वेळचा विषय वाचकांस काहीसा विजोड वाटेल. परंतु तो आमच्याच दुकानाच्या पायरीशी येऊन ठेपला.

यंदाच्या श्रावणातील गोष्ट. आमच्या कापडदुकानातील मुलगा स्कूटरवर दोन गठ्ठे घेऊन बाजारपेठेच्या उतारावरून येत असता, एक बाई लेकराचा हात धरून रस्ता ओलांडू लागली. त्याने दोन्ही ब्रेक दाबले, गाडी थांबेना. अखेर कडेच्या रिकाम्या हातगाडीवर गाडी घालून त्याने त्या मायलेकरांना वाचविले. स्वतःचा गुडघा मात्र फुटला. ‘शेठ, ब्रेक उशिरा लागतो,’ असे त्याने मला पूर्वी दोनदा सांगितले होते, आणि दोन्ही वेळा मी ‘रविवारी पाहू’ म्हणून वेळ मारून नेली होती. घरच्या मोटारीची सर्व्हिसिंग तेवढी तारखेस होत होती.

मिस्त्रीने मागचे चाक उतरविले, तेव्हा ब्रेक शूवरील लायनर जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. नट शेवटच्या आट्यापर्यंत पिळलेला होता. लायनर झिजला की लिव्हर सैल होते, आपण नट आवळतो आणि ब्रेक सुधारला असे समजतो. झीज मात्र आत चालूच राहते. म्हणून ड्रम ब्रेकच्या बहुतेक स्कूटरींत चाकाजवळच्या ब्रेक आर्मवर बाण आणि शेजारी एक खूण असते. लिव्हर पूर्ण दाबली असता बाण खुणेपर्यंत पोहोचला, तर शू बदलावयाचेच, तेही जोडीने. नटाने ते काम भागत नाही.

लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटर मोकळीक असावी; नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. मोकळीक बसविल्यावर गाडी मेन स्टँडवर चढवून चाक हाताने फिरवावे. ते घासत असेल, तर नट जास्त आवळला गेला आहे. अशाने ड्रम तापतो आणि पेट्रोलही जळते. केबलचे तार उसवलेले दिसल्यास ती त्याच दिवशी बदलावी. डिस्क ब्रेक असेल, तर त्यातील ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. ते साधारणपणे दोन वर्षांनी बदलावे लागते. ड्रममधील धूळ फुंकरीने उडवू नये, ती श्वासात जाते. ओल्या फडक्याने पुसावी. पावसात किंवा गाडी धुतल्यावर थोडे अंतर हळू चालवून ब्रेक हलकेच दाबीत राहावे, म्हणजे लायनर कोरडा होतो.

आता गठ्ठ्यांविषयी. अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अतिभारारोपण आहे, हे आपण प्रतिक्रमणात नित्य म्हणतो. बैलगाड्या गेल्या, म्हणून तो अतिचार गेला काय? पायाशी गठ्ठा, मागे गठ्ठा, आणि गाडीवर आपल्या घाईने निघालेला दुसऱ्याचा मुलगा! वेग दुप्पट झाला की थांबण्यास लागणारे ब्रेकचे अंतर सुमारे चौपट होते. त्यात ओझे आणि उतार यांची भर पडते. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात हिंसेची व्याख्या प्रमादाशी जोडली आहे. त्या दिवशी कोणाचा जीव गेला नाही. प्रमाद मात्र माझाच होता, मुलाचा नव्हे.

एप्रिल 2019 पासून आपल्या देशात 125 सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना संयुक्त ब्रेक अथवा एबीएस बंधनकारक झाले. संयुक्त ब्रेकच्या स्कूटरीत डावी लिव्हर दाबली की दोन्ही चाकांवर ब्रेक लागतो. सोय उत्तम आहे, पण झिजलेला लायनर तिलाही पुरून उरतो.

मुलाचा औषधोपचार आणि खाड्याचा पगार दुकानानेच दिला, हे निराळे सांगावयास नको. आता दर शनिवारी दुकान उघडण्यापूर्वी गाडी मेन स्टँडवर चढते. तपासतो तोच, रोजकीर्दीच्या शेवटच्या पानावर तारीख घालून सही मात्र मी करतो. मागील शनिवारी त्याने पुढची केबल बदलावयास सांगितली, आणि दुपारपर्यंत ती बदलून झाली.