परीक्षेच्या दिवसांत पुस्तकापेक्षा खुर्ची महाग

विद्यापीठाच्या परीक्षांचे वेळापत्रक लागले की ग्रंथालयाचा नूरच पालटतो. एरवी अर्धा रिकामा असणारा रीडिंग हॉल सकाळी उघडल्या उघडल्या भरतो. उशिरा आलेली मुले जिन्यावर, व्हरांड्यात, कँटीनमध्ये बसलेली दिसतात. यातली बरीचशी मुले पुस्तक मागायला आलेलीच नसतात. नोट्स त्यांच्या मोबाइलवर असतात. त्यांना हवी असते एक खुर्ची, पंखा, उजेड आणि चार तासांची शांतता.

आपल्या समाजासाठी हा प्रश्न छोटा नाही. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२ च्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २१ लाख मुस्लिम विद्यार्थी उच्च शिक्षण घेत होते आणि त्यांत जवळपास निम्म्या मुली होत्या. यातली कितीतरी मुले दोन खोल्यांच्या घरातून येतात. एका खोलीत टीव्ही, दुसरीत स्वयंपाक, त्यात पाहुणे आणि लहान भावंडे. मुलगी पुस्तक उघडून बसली तरी दर दहा मिनिटांनी तिला कुणीतरी हाक मारतेच. अशा घरातल्या मुलांसाठी रीडिंग हॉलची खुर्ची हीच ग्रंथालयाची सर्वांत मोठी सेवा आहे.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजनेला मंजुरी दिली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक आणि सुमारे १३,००० नियतकालिके. केंद्र व राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्थांना याचा लाभ मिळतो. संशोधन करणाऱ्यांसाठी ही मोठी सोय आहे, तिचे स्वागतच केले पाहिजे. पण बी.ए., बी.कॉम.च्या मुलाची परीक्षेतली गरज वेगळी असते. त्याला नेमलेले पाठ्यपुस्तक, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि बसायला जागा लागते. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयातली बरीच पुस्तके फोनवर मोफत वाचता येतात. शांत खोली मात्र फोनमधून मिळत नाही.

म्हणून आमच्या मते खरा मुद्दा वेळेचा आहे. अनेक महाविद्यालयांची ग्रंथालये ऑफिसबरोबर उघडतात आणि ऑफिसबरोबरच बंद होतात. दिवसा काम करून शिकणारा मुलगा पोहोचतो तेव्हा दाराला कुलूप. त्यात २०२४ साली रमजान मार्च-एप्रिलमध्ये आणि २०२५ साली मार्चमध्ये, म्हणजे परीक्षांच्या हंगामातच आला. इफ्तार आणि तरावीहनंतर अभ्यासाला बसणाऱ्या मुलांना तेव्हा जागा कुठे होती? भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याबद्दल आहे. ते मानायचे असेल तर परीक्षेआधी निदान महिनाभर रीडिंग हॉल रात्री उशिरापर्यंत उघडा हवा. मागणी जास्त असलेल्या पुस्तकांची एक-एक प्रत घरी न देता हॉलमध्येच वाचायला ठेवली पाहिजे.

मुलींच्या बाबतीत नुसती वेळ वाढवून भागत नाही. स्वच्छतागृह, गेटपासून बस स्टॉपपर्यंत दिवे आणि जागेवर हजर असलेला वॉचमन, एवढे असले तर घरचेही निर्धास्तपणे पाठवतील. नाहीतर “अंधार पडायच्या आत घरी ये” या एका वाक्यात मुलीचे रोजचे दोन-तीन तास जातात.

आता थोडे आपल्या मुलांनाही सांगायला हवे. सकाळी आठला खुर्चीवर बॅग ठेवायची आणि अकराला चहा-नाश्ता करून परतायचे, हा प्रकार सर्रास चालतो. ज्याच्या घरी अभ्यासाला कोपरा नाही, त्याचा हक्क आपण मारतोय हे त्यांच्या लक्षात येत नाही. मित्रासाठी जागा धरणे, हवे ते पुस्तक दुसऱ्याच कपाटात लपवून ठेवणे, पानांचे फोटो काढायचे सोडून पानेच फाडणे हेही त्यातलेच. फोन सायलेंटवर असावा, बोलायचे तर बाहेर जावे. ग्रुपमध्ये चर्चा करायची असेल तर व्हरांडा आहे. अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ उठायचे असेल तर जागा सोडून द्यावी. ग्रंथपालांनीही हा नियम फलकावर लिहून थांबू नये, तो पाळला जातोय की नाही तेही बघावे.

सगळे विद्यापीठावर सोडूनही चालणार नाही. मुंबई विद्यापीठाचे राजाबाई टॉवरचे ग्रंथालय प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून उभे राहिले. टॉवर १८७८ साली पूर्ण झाला आणि आजही तो उभा आहे. आपल्या मोहल्ल्यातही संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या शाळेच्या खोल्या आहेत, लग्नसराई नसताना बंद असणारे शादीखाने आहेत. ट्रस्ट आणि जमातींनी परीक्षेचे दोन महिने यातली एखादी खोली उघडली, वीस खुर्च्या टाकल्या, जुनी पाठ्यपुस्तके गोळा केली आणि मुलींसाठी एखाद्या बाजीला किंवा खालाला तिथे बसवले, तर खर्च फार येणार नाही.

आणि घरातल्यांनी? संध्याकाळी दोन तास टीव्ही बंद ठेवला, अभ्यासाला बसलेल्या मुलीला चहासाठी हाक मारली नाही, तरी घरात एक खुर्ची तयार होते. सुरुवात तिथून करू या. विद्यापीठाकडे वेळ वाढवून मागण्याचा अर्जही याच आठवड्यात जाऊ द्या.