अर्जाची पहिली तपासणी पेढीवरच हवी

जुन्या हुंडीत रक्कम एकदा लिहून मुनीम थांबत नसे. हजार रुपयांची हुंडी असली, तर पाचशेची दुप्पट असेही तो नोंदवी. हेतू हा की, आकडा चुकला वा कोणी बदलला, तर हुंडीनेच ते सांगावे.

तोच विचार आजच्या जी.एस.टी. क्रमांकात आहे. त्याच्या 15 अक्षरांपैकी पहिली दोन राज्याची (आपल्या मध्य प्रदेशाची 23), पुढील दहा पॅनची, आणि शेवटचे अक्षर आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेले असते. लिहिताना एक अक्षर चुकले की मेळ बसत नाही. तो मेळ पाहण्यास दूरच्या सर्व्हरची गरज नाही. पेढीवरील संगणकाचा ब्राउझर तत्क्षणी पाहू शकतो.

हा प्रश्न किरकोळ नव्हे. बिलात घेणाऱ्या व्यापाऱ्याचा क्रमांक चुकला, तर ते बिल त्याच्या जी.एस.टी.आर.-2बी पत्रकात उतरत नाही, आणि 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमानुसार त्याची कराची वजावट अडते. सियागंजातील किराणा असो वा तुकोजीराव क्लॉथ मार्केटातील कापड, एका अक्षरापायी जुन्या व्यवहारात कटुता यावी, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

अनेक पेढ्या आता बिलांचे व मागणीचे अर्ज स्वतः करवून घेतात. ब्राउझरच्या साध्या रकान्यास, तो रिकामा राहू नये, ठरल्या नमुन्यात भरावा, हे नियम एका शब्दाने लावता येतात. परंतु शोभेसाठी निराळी घडविलेली तारखेची वा राज्यांची यादी पुष्कळदा ब्राउझरला रकाना म्हणून ओळखूच येत नाही. ती रिकामी असली तरी अर्ज बिनदिक्कत पुढे जातो. अशा रकान्याने आपली चूक ब्राउझरला कळवावी, ही सोय 2023 पर्यंत क्रोम, फायरफॉक्स व सफारी या तिन्हींत आली आहे. तेव्हा आता सबब उरलेली नाही.

मात्र पेढीवरील तपासणी सोयीसाठी आहे, खात्रीसाठी नव्हे. ती टाळून अर्ज पाठविणे अवघड नाही. शिवाय क्रमांक बिनचूक असूनही तो दुसऱ्याचा वा रद्द झालेला असू शकतो. म्हणून सर्व्हरवरील तपासणी कायम राहिलीच पाहिजे.

व्यापारी बंधूंस आमची सूचना एवढीच : नव्या अर्जाचे पैसे चुकते करण्यापूर्वी एक अक्षर मुद्दाम चुकवून पाहावे, एक यादी रिकामी ठेवावी. चूक कोठे व कोणती हे त्याच रकान्यापाशी सरळ भाषेत सांगितले गेले, आणि भरलेले बाकीचे सारे जागच्या जागी राहिले, तरच काम पुरे झाले असे समजावे.